एकाच खुराड्यातली अंडी वेगवेगळी का निघतात? आधी कोंबडी ओळखा, मग खाद्य बदला

खाद्य एक, पाणी एक, खुराडं एक. तरी सकाळी गोळा केलेल्या अंड्यांत एक टणक, एक बोटाने दाबलं की चेपणारं, एकावर सुरकुत्या, एकाचा बलक फिका, आणि एक असं की फोडल्यावर घरात कुणी खायला धजत नाही. परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार भेटते, गेली असं वाटतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उपटते. मग ज्याला जे सुचेल ते सुरू होतं. पाण्यात चुना, दुकानातून कॅल्शियमची बाटली, खाद्य बदलणं, आणि शेवटी ‘ही जातच खराब’ म्हणून कोंबडी बाजारात नेणं.

यातलं काहीही करण्याआधी एक गोष्ट नक्की करा. बिघाड एकाच कोंबडीच्या अंड्यात आहे, की सगळ्यांच्या? एकीच्याच अंड्यात असेल तर कारण तिच्या वयात, जातीत किंवा तिच्या अंडनलिकेत शोधायचं, आणि तिथे खाद्य बदलून काही हाती लागत नाही. सगळ्यांच्या अंड्यांत एकाच सुमारास बिघाड आला असेल तर खाद्य, पाणी, ऊन किंवा रोग यांच्याकडे बघायचं. ही फोड न करता केलेला उपाय कधी लागू पडतो, कधी नाही, आणि का ते कळत नाही. तक्रार पुन्हा पुन्हा येते ती म्हणूनच.

मी अकोल्याकडचा. इथलं ऊन, इथलं खारं पाणी आणि गोठ्यातली सरकी ढेप या तिन्ही गोष्टी अंड्यात उतरतात, त्यामुळे उदाहरणं इकडची जास्त येतील. तपासायची रीत मात्र कुठेही तीच.

कोणतं अंडं कुणाचं

प्रत्येक कोंबडीच्या अंड्याची एक ठेवण असते. एकीचं लांबट, एकीचं गोलसर, एकीच्या जाड टोकाकडे गडद ठिपके. ही ठेवण सहसा बदलत नाही. आठवडाभर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख आणि वेळ लिहा. चार-पाच कोंबड्या असतील तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

वेळ लिहायची ती यासाठी की पोटात एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. म्हणून सलग अंडी घालणारी कोंबडी रोज थोडी उशिरा बसते, दुपार कलायला लागली की एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरू होते. आज नऊला, उद्या साडेदहाला आलेलं लांबट अंडं एकाच कोंबडीचं, हे वहीत सरळ दिसतं.

एवढ्यानेही कळलं नाही तर कोंबडी हातात घ्या. संध्याकाळी ती खुराड्यात स्थिरावली की उचला, पोट डाव्या हाताच्या तळव्यावर आणि तोंड तुमच्या काखेकडे ठेवा. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं बोटांना लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं आडवी सहज मावतात आणि हाडं दाबली की लवतात. अंडी बंद असतील तर जेमतेम एक बोट बसतं. गुदद्वारही बघा. अंडी घालणारीचं रुंद, ओलसर आणि फिकट असतं; न घालणारीचं आवळलेलं, कोरडं. पिवळ्या कातडीच्या जातींत तर अंडी सुरू झाल्यावर गुदद्वाराची कड, मग चोच आणि पुढे पायसुद्धा हळूहळू फिके पडत जातात, कारण तो पिवळा रंग बलकात जातो. या तपासणीत जी अंड्यावर नाही ती यादीतून बाहेर पडते आणि संशय दोघी-तिघींवर येऊन थांबतो.

तरीही दोघींत गोंधळ असेल तर खाण्याचा रंग चिमूटभर खोबरेल तेलात कालवून एकीच्या गुदद्वाराच्या कडेला रात्री लावा. सकाळच्या अंड्यावर रंगाची रेघ आली की ती कोण हे ठरलं. डालग्याखाली एकेकीला कोंडून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण कोंडलेली कोंबडी घाबरून दोन दिवस अंडंच देत नाही.

एकाच कोंबडीत असेल तर

तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, नुकतीच अंड्यावर आली असेल तर पहिले काही आठवडे तिच्याकडून नेटक्या अंड्याची अपेक्षा धरू नका. अगदी लहान अंडं, बलक नसलेलं अंडं, दोन बलकांचं अंडं, नुसत्या पापुद्र्यातलं अंडं, हे सगळं या दिवसांत येतं. अंडाशय आणि अंडनलिका यांचा मेळ अजून बसलेला नसतो. खाद्य बरोबर असेल तर ते आपोआप थांबतं.

दुसरं टोक म्हातारपणाचं. कोंबडीचं वय वाढतं तसं अंडं मोठं होतं, पण एका अंड्यावर चढणारा कवचाचा माल जवळपास तेवढाच राहतो. तेवढाच माल मोठ्या अंड्यावर पसरल्याने कवच पातळ होतं. तीन वर्षांच्या कोंबडीची टोपलीतली सगळ्यात मोठी अंडीच आधी का फुटतात त्याचं हे उत्तर. तिला कितीही कॅल्शियम पाजलं तरी तलंगेसारखं कवच येत नाही. पिसं झडून नवी आली की काही काळ कवच पुन्हा सुधारतं, एवढा दिलासा आहे. अशा कोंबडीची अंडी घरी खा, विकायला आणि उबवायला घेऊ नका.

रंग आणि आकाराचा फरक तर बहुतेक वेळा बिघाडच नसतो. एकाच अंगणात गावरान, गिरिराज आणि ग्रामप्रिया या सुधारित जाती आणि एखादी कडकनाथ फिरत असेल तर अंडी एकसारखी दिसणारच नाहीत. गावरानचं अंडं ४० ग्रॅमच्या आगेमागे, ग्रामप्रियाचं त्याहून बरंच मोठं. कडकनाथ अंगाने काळी असली तरी तिचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर घेऊ नका. तपकिरी रंग कवचावर अगदी शेवटच्या काही तासांत चढतो. त्यामुळे त्याच वेळी कुत्रं भुंकलं, कुणी पाठलाग केला, तर त्या दिवसाचं अंडं फिकं किंवा डागाळलेलं येतं. कवचाच्या रंगावरून आतल्या पोषणाबद्दल काहीच कळत नाही. पांढरं अंडं कमी आणि तपकिरी जास्त, हा समज बाजाराने वाढवलेला आहे.

तिसरी शक्यता मन खट्टू करणारी आहे. एखादी कोंबडी कायम सुरकुतलेलं, चपटं, एका बाजूला पन्हळ पडलेलं अंडं देते. पिल्लू असताना तिला श्वासाचा आजार, विशेषतः संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस होऊन गेला असेल तर अंडनलिकेला झालेली इजा तशीच राहते. ही कोंबडी ठणठणीत दिसते, खाते-पिते, आणि अंडं मात्र कायम तसंच. याला औषध नाही. अंडं ताजं असेल, कवचाला तडा नसेल तर ते शिजवून खायला हरकत नाही.

कवच सगळ्यांचंच पातळ असेल तर

तक्रारींतली सर्वांत मोठी तक्रार ही, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. म्हणून आधी हिशोब बघू.

मध्यम आकाराच्या एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून रोज अंडं देणाऱ्या सुधारित कोंबडीच्या पोटात दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास जावं लागतं. लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के ठेवतात ते याच हिशोबाने, कारण कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते. आता आपण अंगणात काय टाकतो? ज्वारी. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम २५-३० मिलिग्रॅम. तांदळाची कणी त्याहून गरीब. शेणातले किडे, पाला, मातीतले खडे यांतून थोडं मिळतं आणि वर्षाला पन्नास-साठ अंडी देऊन खुडूक बसणाऱ्या गावरान कोंबडीचं त्यावर भागतं. तेच खाणं खाऊन वर्षाला दीड-दोनशे अंडी देणाऱ्या सुधारित कोंबडीचं भागत नाही. ती आधी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवचाला लावते. एके दिवशी कवच पातळ होतं आणि त्यामागोमाग पाय लुळे पडतात. म्हणून एकाच अंगणात गावरानचं अंडं टणक आणि गिरिराजचं पातळ दिसलं तर गावरान ‘पौष्टिक’ आणि दुसरी ‘पोकळ’ असं समजू नका. एकीचं काम कमी आहे, दुसरीचं जास्त, आणि दोघींना ताट एकच मिळतंय.

पाण्यात चुन्याची निवळी घालणारे पुष्कळ आहेत. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. एक लिटर निवळीत जेमतेम एक ग्रॅम कॅल्शियम उतरतं, आणि कोंबडी दिवसात पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. म्हणजे गरजेच्या विसाव्या भागाइतकं मिळालं. वरून पाण्याला चव येते आणि उन्हाळ्यात कोंबडी पाणी कमी पिते. हा उपाय बंद करा.

शिंपल्यांचा जाडसर चुरा आणा. पशुखाद्याच्या दुकानात शेल ग्रिट म्हणून मिळतो. साधारण एक चहाचा चमचा चुरा म्हणजे एका कवचापुरतं कॅल्शियम. तो खाद्यात कालवू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला लागतो ती खाते आणि जिला लागत नाही ती चोच लावून पुढे जाते. कोंबडीला ही जाण असते. खाद्यात मिसळला तर कोंबडे आणि वाढीच्या पिल्लांच्याही पोटात जातो आणि पिल्लांच्या मूत्रपिंडाला तो जड जातो.

चुरा जाडच हवा आणि तो संध्याकाळी भांड्यात भरलेला हवा. अंड्याच्या प्रवासातले सुमारे २० तास एकट्या कवचावर जातात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो. कोंबडी झोपलेली, खाणं बंद आणि कारखाना मात्र चालू. बारीक भुकटी अंधार पडायच्या आत पुढे सरकून गेलेली असते. जाड तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत, रेंगाळतात आणि रात्रभर थोडं थोडं कॅल्शियम सोडत राहतात. सकाळी चुरा टाकून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा वेळ बदलून बघावी.

घरातली अंड्यांची टरफलंही चालतात. धुऊन, तव्यावर चांगली गरम करून, मग जाडसर कुटून द्या. कच्ची, अख्खी टरफलं टाकू नका, त्याने कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते आणि ती सोडवणं फार अवघड.

खाद्याच्या पोत्यावरही एकदा नजर टाका. ब्रॉयलरचं खाद्य सहज मिळतं म्हणून परसातल्या कोंबड्यांना तेच घालणारी घरं कमी नाहीत. त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे लेअरच्या चौथ्या हिश्शाइतकं. शिवाय काही ब्रॉयलर खाद्यांत रक्ती हगवणीविरुद्धचं निकार्बाझिन हे औषध असतं. ते तपकिरी अंड्याचा रंग एक-दोन दिवसांत उडवतं आणि बलकावर ठिपके आणतं. तपकिरी अंडी देणाऱ्या सगळ्या कोंबड्यांची अंडी अचानक पांढुरकी झाली आणि त्याच आठवड्यात नवं पोतं उघडलेलं असेल तर दुसरीकडे कुठे शोधू नका. पोतं बदला, काही दिवसांत रंग परत येतो. औषध असलेलं खाद्य चालू असतानाची अंडी खायची नाहीत.

चुरा देऊनही कवच सुधारत नसेल तर

मग ऊन आणि पाणी.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं त्यातल्या कार्बोनेटचा पुरवठाच तुटतो. त्यात उन्हामुळे खाणंही कमी. या दिवसांत समोर कितीही चुरा ठेवला तरी कवच पातळच राहतं. इथे उपाय सावलीचा: खुराड्यावर पाचटाचा किंवा तुराट्यांचा जाड थर, भोवती ओलं पोतं, माठातलं पाणी दिवसातून तीनदा बदलणं, आणि खाद्य दुपारी न देता पहाटे व सूर्य कलल्यावर देणं. पत्र्याचं खुराडं असेल तर नुसत्या पत्र्याखाली कोंबडी दुपारी अजिबात ठेवू नका.

पाण्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा इकडच्या वाचकांना सांगायला नको. तिथल्या बोअरचं पाणी माणूस तोंडात धरत नाही, कोंबड्यांना मात्र तेच घातलं जातं. मिठाचं प्रमाण जास्त असलेल्या पाण्याने, खाद्यात कॅल्शियम पुरेसं असूनही, कवच पातळ आणि तडकं येतं, आणि पाणी बदलल्यावरही काही काळ ते तसंच राहतं. म्हणून चार दिवसांत फरक दिसला नाही तरी गोडं पाणी बंद करू नका. पाच-दहा कोंबड्यांना दिवसाला सव्वा ते अडीच लिटर पाणी लागतं. घरच्या पिण्याच्या पाण्यातून तेवढं काढणं जमण्यासारखं आहे. उन्हाळ्यात पाण्यात खाण्याचा सोडा घालण्याचा सल्लाही दिला जातो. खारं पाणी असेल तिथे आधीच भरपूर असलेल्या सोडियममध्ये भर घालू नका.

गच्चीवर किंवा बंद बाल्कनीत कोंबड्या ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. ऊन अंगावर पडल्याशिवाय कोंबडीच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात येत नाही. लेअर खाद्यात ते घातलेलं असतं. घरचं धान्य घालत असाल तर सकाळचं कोवळं ऊन मिळालंच पाहिजे.

बलक हिरवट किंवा काळपट

ही तक्रार कापसाच्या पट्ट्यातली, आणि ती इतकी घाबरवते की लोक कोंबड्या कापून मोकळे होतात. शेजारच्या काकूंनी एकदा ताटलीत फोडलेलं अंडं आणून दाखवलं. पांढरं नितळ होतं, वास नव्हता, पण बलक शेवाळी हिरवा, मधोमध तपकिरी झाक. त्यांनी त्याच दिवशी उचललेलं दुसरं अंडं फोडलं तर ते पिवळंधमक. हिरवं होतं ते फ्रीजमध्ये पडून राहिलेलं. “करणी वगैरे नाही ना रे?” त्या खरोखरच विचारत होत्या. त्यांच्या गोठ्यात म्हशीच्या गव्हाणीत सरकी ढेप असते, आणि म्हैस उठली की कोंबड्या गव्हाणीत.

सरकीत गॉसिपॉल नावाचा रंगद्रव्यासारखा पदार्थ असतो. तो कोंबडीच्या पोटातून बलकात उतरतो. ताज्या अंड्यात काही दिसत नाही. अंडं साठवलं की बलकातलं लोह सुटं होतं, गॉसिपॉलशी जुळतं आणि शेवाळी, तपकिरी रंग धरतो. सरकीच्या तेलात आणखी एक प्रकारची स्निग्धाम्लं असतात, त्यांच्यामुळे बलकातलं लोह पांढऱ्यात झिरपतं आणि पांढरं गुलाबी होतं. असा बलक थंडीत रबरासारखा घट्टही होतो. गंमत अशी की हे सगळं फ्रीजमधल्या अंड्यांत जास्त दिसतं, त्यामुळे दोष फ्रीजला जातो.

सगळ्या कोंबड्या गव्हाणीत सारख्या शिरत नाहीत. एखादी धीट असते, ती रोज ढेप खाते, बाकीच्या अंगणात फिरतात. म्हणून हिरवा बलक एकीच्याच अंड्यात येतो आणि तिला काहीतरी रोग आहे असं वाटतं. ‘एकीचं असेल तर कारण तिच्या अंगात’ या नियमाला हा अपवाद आहे, तो ध्यानात ठेवा: एकीचीच अंडी बिघडली तर ती दिवसभर कुठे चरते तेही बघा.

उपाय सोपा. गव्हाणीला जाळी लावा किंवा ढेप भिजवून म्हशीला समोर उभं राहून खाऊ घाला आणि सांडलेली झाडून घ्या. बलक झपाट्याने भरण्याचा काळ सात ते दहा दिवसांचा असल्याने आज ढेप बंद केली तरी त्याआधी भरायला लागलेले बलक येतच राहतात. दोन-तीन आठवडे धीर धरा. आणि तपासताना ताजं अंडं फोडून समाधान मानू नका, काही अंडी तारीख घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि नंतर फोडा. अंड्याचं पांढरंच हिरवट-गढूळ असेल आणि वास येत असेल तर ती सडलेली आहेत, त्यांचा सरकीशी संबंध नाही. फेकून द्या.

फिका बलक हा त्यामानाने किरकोळ विषय. बलकाचा पिवळेपणा खाण्यातल्या रंगद्रव्यांवर ठरतो. ज्वारी, बाजरी, कणी यांत ते जवळपास नाही. पिवळ्या मक्यात, लसूणघासात, शेवग्याच्या पाल्यात, अझोलात आणि झेंडूच्या पाकळ्यांत भरपूर. दसऱ्यानंतर उतरवलेली तोरणं कोंबड्यांपुढे टाकण्याची पद्धत आहे, पण बाजारच्या झेंडूवर फवारणी झालेली असते. दारचा झेंडू असेल तरच द्या. गडद बलक म्हणजे जास्त प्रथिनं असं मात्र नाही.

अंड्याला मासळीचा वास

ही कोकणातली तक्रार. सुकट, कोळंबीची डोकी, मासळी साफ केल्यावर राहिलेलं सगळं कोंबड्यांना जातं. प्रथिनं म्हणून ते उत्तम आहे. पण एका कोंबडीचं अंडं उकडलं की घरभर मासळी आणि बाकीच्यांच्या अंड्यांना काहीच नाही, असं होतं. यामागे जातीचा गुण आहे. मासळीतून आणि खाद्यातल्या कोलीनमधून ट्रायमिथाइलअमाइन हा वासाचा पदार्थ तयार होतो. बहुतेक कोंबड्यांचं यकृत तो मोडतं. तपकिरी अंडी देणाऱ्या काही वाणांत, ऱ्होड आयलंड रेडसारख्या, काही कोंबड्यांमध्ये हे मोडण्याचं काम जन्मतःच अपुरं असतं, मग तो बलकात साठतो. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये हा त्रास दिसत नाही. मोहरीची पेंड त्यात भर घालते, आणि जवस फार झालं तरी अंड्याला तसाच वास येतो. त्या एका कोंबडीची मासळी तोडता येत नसेल तर तिची अंडी ओळखून वेगळी ठेवणं एवढंच हातात आहे. सगळ्यांची सुकट बंद करू नका.

पाणचट पांढरं, रक्ताचा ठिपका

अंडं तव्यावर टाकलं की पांढरं पसरून जातं, याचं कारण बहुधा कोंबडी नसून साठवण असते. अंड्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून निघून जातो आणि घट्ट पांढरं सैल पडतं. उन्हाळ्यात उघड्यावर हे फार लवकर होतं. खुराड्यात कोंबडा असेल तर आणखी एक घोळ. फलित अंडं उन्हाळ्यात बाहेरच पडून राहिलं तर कोंबडी न बसताही त्यात वाढ सुरू होऊ शकते आणि फोडल्यावर बलकावर लाल कडं दिसतं. दिवसातून दोनदा अंडी उचलली की दोन्ही तक्रारी संपतात. अंडी धुऊन ठेवू नका. वरचं नैसर्गिक आवरण जातं आणि जंतूंना वाट मिळते. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

ताजी अंडीसुद्धा पाणचट असतील, तर खुराड्यात शिरून नाकाने तपासा. डोळे चुरचुरतील इतका अमोनिया असेल तर तोही पांढरं पातळ करतो. तूस बदला.

बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे अंडं फलित आहे असं नाही. बलक अंडाशयातून सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी तुटते, इतकंच. काही कोंबड्यांत ते आनुवंशिक असतं. बऱ्याच जणींच्या अंड्यांत दिसू लागलं तर हिरवा पाला वाढवा, अ जीवनसत्त्व कमी पडत असू शकतं. सुरीच्या टोकाने काढून अंडं खाता येतं.

दवाखाना कधी

अंडी एकाएकी निम्म्यावर आली, कवचं फिकी, पातळ, वेडीवाकडी झाली, आणि हे सगळ्यांत एकाच आठवड्यात घडलं तर घरचे उपाय थांबवा. सोबत हिरवट-पांढरी हगवण, लुळे पंख, वाकडी मान दिसली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, समजून चाला. तिच्यावर औषध नाही, लसच आहे, आणि ती आधीच द्यायची असते. कोंबड्या तब्येतीने ठीक, पण तपकिरी अंडी आधी फिकी आणि मग बिनकवचाची येऊ लागली, आणि घरात बदकंही असतील तर डॉक्टरांना बदकांबद्दल आवर्जून सांगा. १९७६ साली प्रथम नोंदवलेल्या एग ड्रॉप सिंड्रोम या अंडी घटवणाऱ्या रोगाचा विषाणू मूळचा बदकांतला आहे, आणि बदकं आजारी न दिसताही तो बाळगतात.

कोंबड्या पटापट मरू लागल्या तर मात्र हात लावू नका, कापून खाऊ नका, शेजारी वाटू नका. बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात आली आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यातही तो सापडला. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

एरवी दवाखान्यात जाताना नुसतं ‘अंडी खराब येतात’ असं सांगू नका. तारीख घातलेली दोन-चार बिघडलेली अंडी, चालू खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी, बाटलीभर पिण्याचं पाणी आणि कोणत्या कोंबडीचं अंडं कोणत्या दिवशी कसं आलं ती वही, एवढं बरोबर न्या.